झेपकाकूचा डावा गुडघा

झेपकाकू आकाशातून जमिनीवर उतरते तेव्हा तिच्या डाव्या गुडघ्याचा जो कटकन आवाज येतो, तो माझा आहे. म्हणजे माझ्या गुडघ्याचा आहे. ही गोष्ट जगात चारच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातला एक माझा हाडांचा डॉक्टर.

आधी माझं काम सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेलासुद्धा ते अजून कळलेलं नाही. मालिकेचं शूटिंग होतं तेव्हा नटांचं बोलणं टिपलं जातं. पण पावलं, दारं, कपड्यांची सळसळ, कपबशीची किणकिण हे सगळं नीट येत नाही, आणि बऱ्याचदा येतच नाही. ते मी नंतर स्टुडिओतल्या एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत काढते. नट जिना चढला की मी फळीवर पाय वाजवते. नटीने रागाने पर्स आपटली की मी माझी आपटते. माझ्या खोलीत चपलाबुटांचे एकशे तीस जोड आहेत, वाळूचा एक उथळ हौद आहे, खडीचा ट्रे आहे, कुठल्याच भिंतीला न लावलेली तीन दारं आहेत आणि एकच खुर्ची आहे. तीही करकरते. ती कामाची खुर्ची आहे, बसायची नव्हे. स्टुडिओत मला सगळे खुडबुडमावशी म्हणतात. काचेपलीकडे बसून माझे आवाज टिपतो त्याला आम्ही चष्मा म्हणतो. त्याला आता चष्मा नाही, पण नाव राहिलं.

या धंद्याचा पहिला नियम असा, की आवाज वस्तूचा यावा, तुमचा येऊ नये. हातात बांगडी नको, घड्याळ नको, खिशात किल्ली नको. पोट गुरगुरू नये म्हणून आधी दोन बिस्किटं खायची. श्वास रोखायचा. माझा डावा गुडघा बोलायला लागला तेव्हापासून मी त्याला जाड पट्टा बांधायची. सव्वीस वर्षांत माझ्या अंगाचा एकही आवाज मी बाहेर जाऊ दिला नव्हता. असून नसल्यासारखं राहायचं हे सोपं नसतं, पण मी मोठ्या घरातली धाकटी सून होते, त्यामुळे सराव होता.

आणि मग ‘झेपकाकू’ आली.

मालिका अगदी हलकीफुलकी. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारी एक बाई, वय पंचावन्न, एके दिवशी शिडीवरून पडते ती खाली येतच नाही. उडायला लागते. बाकी तिच्यात काही बदल होत नाही. उडताना तिला गरगरतं. खलनायकाच्या यंत्रावरची बारीक अक्षरं वाचायला तिला चष्मा लागतो, आणि तो घरी राहिलेला असतो. अर्ध्या आकाशातून ती परत फिरते, कारण नळ बंद केला की नाही ते आठवत नाही. पहिल्या भागात तिने शहरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं मागे करणाऱ्या एका माणसाला पकडलं, तेही दहा मिनिटं उशिरा.

त्या पहिल्या भागाच्या दिवशी आमची घाई चालली होती. काकूचं पहिलंवहिलं उतरणं होतं. मी स्टुलावरून वाळूत उडी मारली, अंगाचं ओझं ऐकू यावं म्हणून चामड्याची पिशवी दाबली, थोडी थांबले आणि उठले. उठताना डावा गुडघा बोलला. कट्, आणि मागून बारीक कटकट. पट्टा बांधायला मी विसरले होते. चष्म्यालाही ते ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी तो फोनवर बायकोला ‘निघालोच’ असं खोटं सांगत होता. भाग तसाच प्रसारित झाला.

मी घरी बघत होते. काकू उतरली, कट् झालं, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षांची अब्रू एका गुडघ्याने घालवली. आणि शेजारच्या घरातून हसण्याचा असा काही लोट आला की मी आधी खिडकीच लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय. काकूचं काम करणारी नटी हुशार. पुढच्या भागापासून ती उतरली की गुडघ्यावर हात ठेवून ‘आई गं’ म्हणायला लागली आणि मग चोरामागे धावायला लागली. लेखकाने ते संहितेत लिहून टाकलं. मला पट्टा काढायचा हुकूम झाला. तेव्हापासून दोन वर्षांत काकू शेहेचाळीस वेळा उतरली, पत्र्यावर, चिखलात, गच्चीवर, एकदा केकच्या दुकानात, आणि शेहेचाळीसही वेळा मी नव्याने उतरले. एकदा टिपलेला आवाज परत वापरला नाही. कान फार संशयी असतात. तोच आवाज दुसऱ्यांदा ऐकला की ते म्हणतात, हे काही खरं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या आवाजाचं वेड लागलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पावलं वाजवली. माझं म्हणून ऐकू गेलेलं हे एवढंच.

*

मग आलेखसाहेब आले. वाहिनीचे नवे कार्यक्रमप्रमुख. वय जेमतेम पस्तीस, बोलणं मऊ, आणि काखेत कायम आलेखांची गुंडाळी. शूटिंगला कधी यायचे नाहीत. सातव्या मजल्यावरून शेळ्या हाकायचे.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, ‘‘मालिका चांगली आहे. पण आपली नायिका अतिमानवी आहे. अतिमानवी माणूस उतरला की धरणी हादरली पाहिजे. विनोद राहू द्या, पण उतरणं तरी भारदस्त हवं. तयार आवाज मिळतात, त्यातला एखादा दणका लावू.’’

‘‘आणि गुडघा?’’ मी विचारलं.

‘‘गुडघा काढू.’’

डॉक्टरही गेलं वर्षभर हेच म्हणत होता. फक्त तो काढून नवा बसवणार होता. माझी लेक दर रविवारी फोनवर तारीख मागायची आणि मी दर रविवारी टाळायची.

‘‘साहेब,’’ मी म्हटलं, ‘‘दणक्याला कोण हसणार?’’

‘‘हसण्याचं मी बोलतच नाहीये. बघणाऱ्यांना काय आवडतं ते मोजू. तुमचं खरं ठरलं तर गुडघा राहील. शब्द देतो.’’

एवढं म्हणून त्यांनी चाचणी लावली. नवा भाग दोन प्रकारे तयार करायचा, एक दणक्याचा, एक गुडघ्याचा. भाग होता शहरातल्या सगळ्या लिफ्ट बंद पाडणाऱ्या माणसाचा, त्यामुळे काकू पाच वेळा उतरत होती. सकाळी चोवीस माणसांना दणका दाखवायचा, दुपारी दुसऱ्या चोवीस जणांना गुडघा. प्रत्येकाच्या हातात एक छोटी डबी. आवडतंय तोवर हिरवं बटण दाबून धरायचं, कंटाळा आला की सोडायचं. डबीतून सगळं थेट आलेखावर.

मी ठरवलं, ही लढाई आपण जिंकायची. खोली जाईल ही भीती होतीच. उतरण्याचा आवाज विकत आला की उद्या पावलं विकत येतील, परवा दारं, आणि माझे एकशे तीस जोड भंगारात. पण त्याहीपेक्षा मला काकूची काळजी होती. गुडघा गेला की ती उडणारी कुणीतरी होणार, आणि तशा उडणाऱ्या जगात पुष्कळ आहेत.

पाचही उतरणी मी एका दिवसात केल्या. डॉक्टरने स्टुलावर चढायलासुद्धा बंदी घातली होती. चौथ्या उडीनंतर चष्मा काचेपलीकडून म्हणाला, ‘‘मावशी, बास. चौथीच पाचवीला लावू, कुणाला कळणार नाही.’’

‘‘मला कळेल,’’ म्हटलं, आणि चढले.

*

चाचणीच्या दिवशी मी सकाळी लवकर जाऊन ती खोली बघितली. निळ्या खुर्च्या, जाड पडदे, फरशी गुळगुळीत. आणि आमच्या जातीच्या माणसाची खोड, मी खिशातलं रेकॉर्डर काढून मागच्या कपाटावर ठेवलं आणि चालू केलं. आम्ही कुठल्याही नव्या खोलीत गेलो की तिची एक मिनिट शांतता टिपून घेतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि कधी ना कधी लागते. एक मिनिट झालं की बंद करायचं असतं. पण तेवढ्यात माणसं यायला लागली, मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, आणि रेकॉर्डर कपाटावर तसंच राहिलं.

दोन्ही खेळांना मी मागे बसून होते. मला डोकी तेवढी दिसत होती. सकाळी दणका झाला तेव्हा डोकी हलली नाहीत. दुपारी गुडघा वाजला आणि खोली हसली. पाचही वेळा हसली. मी मनात म्हटलं, झालं. जिंकलो.

संध्याकाळी सातव्या मजल्यावर बोलावलं. आलेखसाहेबांनी दोन कागद समोर पसरले. दणक्याची हिरवी रेघ मैदानासारखी सपाट, बऱ्यापैकी वर. गुडघ्याची रेघ तिच्याहून वर चाललेली, आणि मध्येच तळाला. पाच वेळा.

‘‘पाच खड्डे, मावशी,’’ साहेब हळूच म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. ‘‘बरोबर जिथे गुडघा वाजतो तिथे. जवळजवळ सगळ्यांनी बटण सोडलंय.’’

‘‘अहो, हसत होते ते! मी होते तिथे.’’

‘‘दोघं-चौघं मोठ्याने हसले की खोली हसल्यासारखी वाटते. हा आलेख चोवीस जणांचा आहे.’’

माझ्या कानांवर माझा विश्वास, आणि समोर कागद. लिफ्टने खाली आले. रस्त्यात रडू आलं. पन्नाशी उलटलेल्या बाईने गुडघ्यासाठी रडावं हे हसण्यासारखं आहे, पण आलं.

घरी लेकीचा फोन. ‘‘काय झालं चाचणीचं?’’

‘‘हरले.’’

‘‘आई, मग आता तरी तारीख घेऊ या?’’

‘‘बघू,’’ मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा हातात रेकॉर्डर नाचवत आला. चाचणीवाल्यांनी परत पाठवलं होतं.

‘‘मावशी, शांतता टिपायला गेलात आणि नऊ तास टिपून आलात! अख्खं कार्ड भरलंय. पुसू का?’’

‘‘थांब,’’ मी म्हटलं. ‘‘लाव.’’

दिवे मंद केले आणि दोघं ऐकत बसलो. तो टेबलावर, मी वाळूच्या हौदाच्या कडेवर. आधी दुपारचा खेळ. काकू वाऱ्यातून खाली येते, पाय टेकतात, कट्. मग हसू. चष्मा म्हणाला, ‘‘हसलेत की.’’

‘‘हसण्याच्या खाली ऐक.’’

त्याने ती जागा परत लावली, हसू जरा दाबलं. खाली काहीतरी वाजत होतं. ठक्. ठक ठक. टक्. एक घसरत जाऊन फरशीवर पडलं. प्लास्टिक लाकडावर, प्लास्टिक प्लास्टिकवर. मी हे आवाज पोटासाठी काढते, मला त्यांची ओळख कोण करून देणार! त्या डब्या होत्या. लोक डब्या खाली ठेवत होते. मी बोटांवर मोजल्या, एकोणीस.

आणि त्याच्या मागोमाग आणखी एक आवाज, मऊ, पसरट. जाड कापडावर तळहात. इकडून तिकडून, सगळ्या खोलीभर.

‘‘हे काय?’’ चष्म्याने विचारलं.

‘‘गुडघे चोळतायत,’’ मी म्हटलं. ‘‘स्वतःचे. काकूचा वाजला आणि यांनी आपापले धरले.’’

घोडं कुठे पेंड खात होतं ते आता कळलं. बटण दाबायला हात लागतो, आणि हात दुसऱ्या कामात होता.

‘‘आता सकाळचा लाव,’’ मी म्हटलं.

सकाळच्या खेळात दणके झाले, पाच. एकही डबी खाली ठेवली गेली नाही. आणि तिसऱ्या दणक्याच्या आधी एक लयदार आवाज सुरू झाला, तो दणक्यानेसुद्धा थांबला नाही. कुणीतरी गृहस्थ हिरवं बटण दाबून, अंगठा न हलवता, चक्क घोरत होते.

मी लगेच फोन उचलला. ‘‘साहेब, एकदा खाली माझ्या खोलीत या.’’

‘‘मावशी, निर्णय झालाय.’’

‘‘झाला असेल. या. येताना एक डबी घेऊन या.’’

*

आले. दारात क्षणभर थांबले, कारण चपलांच्या एकशे तीस जोडांमधून वाट काढायची सगळ्यांनाच सवय नसते. त्यांना करकरत्या खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही खेळ ऐकवले. डब्या ऐकल्या, तळहात ऐकले. घोरणं ऐकून ते हसले. मग परत गंभीर झाले.

‘‘हे रंजक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण आवाजावरून तुम्ही अंदाज बांधताय. डबी ठेवण्याचं कारण कंटाळाही असू शकतो. वर मी काय सांगू, गुडघे चोळण्याचा आवाज आला म्हणून?’’

‘‘हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमची डबी कुठंय?’’

‘‘ही काय.’’

‘‘धरा. हिरवं बटण दाबा. आवडलं नाही तर सोडायचं, बाकी काही करायचं नाही.’’

चष्म्याला मी खूण केली. त्याने पडद्यावर बाविसाव्या मजल्याची गच्ची लावली, आवाज सगळा काढून टाकला. मी स्टूल ओढलं.

‘‘मावशी,’’ चष्मा काचेमागून ओरडला, ‘‘नाही! डॉक्टरने काय सांगितलंय?’’

‘‘तू टीप,’’ मी म्हटलं.

स्टुलावर चढताना गुडघ्यातून कळ थेट कमरेत गेली. भीती वाटली. खोटं कशाला सांगू? वाटलं, आता पडले तर उठायची नाही. पण काकूही दर वेळी घाबरते. ती खाली बघते, ओठ घट्ट मिटते, आणि मग येते. पडद्यावर ती आली. मी उडी मारली.

वाळू दबली. पिशवी दाबली. एक श्वासभर थांबले आणि उठायला लागले. कट्. मग कटकट. आणि मी मध्येच अडकले. गुडघा ना वर येईना ना खाली जाईना.

‘‘सावकाश!’’

साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. उजवा हात माझ्याकडे लांब केलेला. डबी वाळूत पडली होती.

खुर्ची तेवढी करकरली.

‘‘साहेब,’’ मी त्यांचा हात धरला आणि उठले, ‘‘बटण कुठंय?’’

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग वाळूकडे.

‘‘सोडलं,’’ ते म्हणाले.

‘‘कंटाळून?’’

मीच बोलले, कारण दोन वर्षं पोटात साठलं होतं. ‘‘दणका झाला की माणूस मागे टेकून बसतो. तिचं ती बघेल म्हणतो. गुडघा वाजला की तो पुढे सरकतो. हसतो, आणि हात पुढे करतो. काकू शहर वाचवते म्हणून नाही बघत कुणी. तिला उठता येतंय ना, ते बघतात. म्हणून ही मालिका चालते साहेब. तुमच्या यंत्राला रिकामा हात तेवढा दिसतो. तो कशासाठी रिकामा झालाय ते त्याला कसं दिसणार?’’

साहेबांनी डबी उचलली, फुंकर मारून वाळू उडवली.

‘‘खड्डे मोजायचे राहिले होते,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे मोजले, पण उलटे मोजले. शब्द दिला होता, गुडघा राहील.’’ दारापर्यंत गेले आणि वळले. ‘‘माझी आई जिना चढताना मी मागे उभा राहतो. असाच, हात पुढे करून. ती चिडते.’’

‘‘चिडू देत,’’ मी म्हटलं. ‘‘उभे राहात जा.’’

ते गेले, आणि मी हौदाच्या कडेवर बसले ती काही केल्या उठेना. शेवटी चष्म्याने लेकीला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून मला गाडीत घातलं.

*

गुडघा जिंकला आणि गुडघाच गेला. डॉक्टरने फोटो बघून पुढच्याच आठवड्याची तारीख दिली. या वेळी मी ‘बघू’ म्हटलं नाही. म्हणायची सोयच नव्हती.

‘‘काळजी करू नका,’’ चष्मा म्हणाला. ‘‘जुने शेहेचाळीस आहेत, वर हे सहा. त्यातलेच फिरवून वापरू.’’

‘‘मग त्यांच्या तयार दणक्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?’’

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत मी खटपट केली. अक्रोड फोडले, वाळक्या काटक्या मोडल्या, ओल्या फडक्यात चमचे गुंडाळून पिळले. चष्मा ऐकायचा आणि मान हलवायचा. अक्रोडाचा आवाज अक्रोडाचाच येत होता. त्यात वय नव्हतं. लेकीला वाटलं मी शस्त्रक्रियेला घाबरलेय. मी घाबरले होते ते वेगळ्याच गोष्टीला. पुढच्या महिन्यात काकू पुन्हा उतरणार होती, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

नवा गुडघा छान बसला. डॉक्टरने वाकवून दाखवला, सरळ करून दाखवला. एक अक्षर बोलला नाही तो. माझ्या अंगात एवढी शांत जागा कधीच नव्हती. सगळे अभिनंदन करत होते आणि मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी मला व्यायामाच्या खोलीत नेलं. लांबट खोली, उजेड भरपूर, भिंतीला लाकडी दांडी, आणि समोरासमोर दोन ओळींत खुर्च्या. खुर्च्यांवर आम्ही बाराजण. काहींचे दोन्ही गुडघे नवे, काहींचा माझ्यासारखा एकच नवा, आणि बरेचसे अजून जुन्यावरच तग धरून. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, ‘‘दांडी न धरता उभं राहायचं. एकेक करून. घाई नाही.’’

माझ्या समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. ताठ मान, केस चापून बसवलेले, चेहरा असा की मी उगाच पाय जुळवून बसले. त्या पहिल्यांदा उठायला गेल्या आणि परत बसल्या. दुसऱ्यांदा अर्ध्यावरून खाली आल्या. ओठ थरथरले. सगळ्यांनी नजरा दुसरीकडे वळवल्या, कारण अशा बाईला रडताना बघायचं नसतं. तिसऱ्यांदा त्यांनी मांड्यांवर हात रोवले, खाली बघितलं, आणि उठल्या.

कट्. आणि मागून बारीक कटकट.

‘‘उतरली काकू!’’ मुख्याध्यापिकाबाई मोठ्याने म्हणाल्या.

अख्खी खोली हसली. बाईही हसल्या, आणि हसता हसता पूर्ण उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारचे आजोबा उठले. कट्. ‘‘उतरली!’’ सगळे एका सुरात. त्यांच्या पुढची बाई उठली, तिचे दोन्ही वाजले, तिला टाळ्या मिळाल्या.

‘‘इथे रोज असंच असतं,’’ व्यायामवाली मुलगी मला म्हणाली. ‘‘आधी आवाज झाला की लाजायचे, परत बसायचे. ती मालिका सुरू झाल्यापासून उठतात. तुम्ही बघता का हो ती?’’

‘‘बघते,’’ मी म्हटलं. पुढचं माझ्या ओठांवर आलं होतं. ते तिथेच थांबवलं. मी दोन वर्षं त्या आवाजाला माझा माझा म्हणत होते. इथे सातआठजणांकडे तो होता, प्रत्येकाचा निराळा. एकाचा कोरडा, एकाचा दोनदा अडखळणारा, आजोबांचा तर पावसाळी दारासारखा. चष्म्याने ऐकला असता तर नाचला असता.

लेक दाराशी थांबली होती. तिला हाक मारली. ‘‘माझी पिशवी दे. आतल्या कप्प्यात रेकॉर्डर आहे.’’

‘‘आई, इथे? व्यायाम कर ना आधी.’’

‘‘दे म्हणते ना.’’

मी माझ्या मुक्या गुडघ्यावर उभी राहिले. दांडी धरली नाही. सगळ्यांना म्हटलं, ‘‘एक मिनिट कुणी बोलू नका. मला या खोलीची शांतता हवी आहे.’’ का कोण जाणे, सगळे गप्प झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी तर ओठांवर बोटही ठेवलं. पंखा फिरत होता, खिडकीबाहेर कुणीतरी झाडत होतं. मिनिट भरलं. मग मी रेकॉर्डर बाईंच्या गुडघ्याजवळ धरलं.

‘‘बाई, बसा आणि परत एकदा उठता का?’’

‘‘आत्ताच तर उठले. कशाला?’’

‘‘शहर वाचवायचंय,’’ मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, रेकॉर्डरकडे बघितलं. मग बसल्या, मांड्यांवर हात रोवले आणि ओठ घट्ट मिटले.